मोठ्या बाईंची कॅप्सूल

सासूबाईंचा गुडघा पुन्हा एकदा पुढे ढकलला गेला. हाडांच्या डॉक्टरने फोनवर सांगितलेलं कारण मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने उच्चारलं आणि माझ्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी सांडलं होतं. कारण साधं होतं. लघवीत जंतू आहेत. ते असताना नवा गुडघा बसवला तर रक्तातून तिथवर पोहोचू शकतात, आणि नव्या सांध्यात एकदा त्यांनी बस्तान बसवलं की हलता हलत नाहीत. तेव्हा आधी जंतू घालवा, मग या.

"हा शब्द या घरात जेवताना कधी निघाला नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

तो वेळेवर निघाला असता तर एव्हाना गुडघा बसला असता. पण एवढं बोलण्याइतकी मी त्या दिवशी शूर नव्हते.

सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ते फक्त शाळेला माहीत आहे. आमच्या इमारतीत त्या अजून सेवेतच आहेत. लहानथोर सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात आणि जिन्यात भेटल्या की आपोआप एका रांगेत उभे राहतात. म्हणजे राहायचे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे निकामी झाल्यापासून मोठ्या बाई खाली जातात त्या खुर्चीत. खुर्चीची एक बाजू माझा नवरा धरतो, दुसरी तळमजल्यावरचा औषधवाला. तो अंगाने दांडगा आहे आणि त्यांचा जुना विद्यार्थी. जिन्यातल्या प्रत्येक दारातून कोणी ना कोणी बघत असतं, म्हणून त्या वरपासून खालपर्यंत डोळे मिटून घेतात.

त्यांची इच्छा एकच होती. एकदा आपल्या पायांनी हा जिना उतरायचा, डोळे उघडे ठेवून. ती बोलून दाखवताना त्यांचा आवाज कापायचा. माझं आणि त्यांचं फारसं कधी जमलं नाही, पण ते ऐकलं की मलाही गलबलून यायचं.

आता हे जंतू आले कुठून, तर त्याची हकिगत अशी, की आमच्या सासूबाई औषधांनाही हुद्दा लावतात. त्यांच्या मते साधी गोळी ही साध्या माणसांसाठी असते. घसा बसला की त्या फोन उचलून औषधवाल्याला विचारणार, "तुझ्याकडे सगळ्यात वरचं काय आहे?" आणि तो पठ्ठ्या वरच्या फळीवरून काहीतरी चकचकीत पाकीट काढून धावत वर येणार. "मोठ्या बाईंना बारकी गोळी द्यायला माझा हात धजत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. चिठ्ठी कोणाची, असं तो कधी विचारत नसे. शाळेत त्यांनी त्याला प्रश्न विचारू दिले नव्हते, ती सवय राहिली असावी.

बरं, घेतलेलं औषध पूर्ण घेतील तर शपथ. दोन दिवसांत बरं वाटलं की बंद. "काम झालं, आता तिला कशाला राबवायचं?" असं त्या गोळीबद्दल बोलायच्या, जणू तिच्यावर उपकार करत होत्या. पुढच्या वेळी पुन्हा तीच दिली तर चालायचं नाही. आणखी वरची हवी.

याला दुसऱ्या मजल्यावरच्या जज्जीणबाईंची साथ होती. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते, पण बाईंचा तोरा असा की सगळे त्यांना जज्जीणबाईच म्हणतात आणि त्याही ओ देतात. दोघींचं फोनवरचं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकायची. "मला यंदा फार जोराची दिली हो," इकडून. "मला तर बाई त्याच्याही पुढची दिली. डॉक्टर म्हणाले, तुमच्या प्रकृतीला हीच शोभते," तिकडून. बायका दागिन्यांवरून चढाओढ करतात असं ऐकलं होतं. या दोघी गोळ्यांवरून करायच्या.

आणि पाणी? ते त्या पीतच नसत. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की गुडघा दुखतो, म्हणून दिवसभर घोट घोट. मी पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसते. नळाला पाणी नाही म्हणून दिवसभर माझ्यावर ओरडणारी माणसं, आणि घरी भरल्या तांब्याकडे ढुंकून न बघणाऱ्या सासूबाई. कोणावर ओरडायचं ते मला संध्याकाळपर्यंत कळेनासं व्हायचं.

शेवटी आमचे म्हातारे डॉक्टर घरी आले. हा माणूस सासूबाईंना पूर्वीपासून नापसंत, कारण ते काहीही झालं तरी आधी "पाणी प्या" म्हणतात. "एवढ्यासाठी डॉक्टर कशाला, ते मी पोरांना फुकट सांगत होते," असं त्यांचं मत. डॉक्टरांनी या वेळी लघवी तपासायला द्यायलाच लावली. नुसती तपासायची नाही, तर तिच्यातले जंतू वाढवून कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. नमुन्याची बाटली सासूबाईंनी आधी रुमालात, मग डब्यात आणि मग एका भारी साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून दिली. नवरा ती घेऊन गेला तेव्हा जिन्यात जज्जीणबाईंनी विचारलंच, "अरे वा, खरेदी?"

अहवाल आला. डॉक्टर चष्मा लावून बराच वेळ बघत बसले.

"बाई, तुमच्या जंतूंनी बरीच औषधं पचवलेली दिसतात," ते म्हणाले. "वरच्या वरच्या सगळ्या नावांपुढे फुली आहे."

"म्हणजे औषधं हलकी निघाली."

"औषधं चांगली होती. असं बघा. एका वर्गावर तुम्ही रोज नवा शिक्षक पाठवलात, चांगला कडक, आणि पाच मिनिटांत त्याला परत बोलावलंत. कधी तर वर्गात गडबडही नव्हती, तरी पाठवलात. पोरांचं काय होईल?"

"शेफारतील," सासूबाई चटकन म्हणाल्या. शाळेचं उदाहरण निघालं की त्या खोटं बोलू शकत नाहीत.

"जी गरीब असतात ती गप्प बसतात. जी बेरकी असतात ती प्रत्येक शिक्षकाची खोड ओळखून घेतात आणि दुसऱ्यांनाही शिकवतात. तुमच्याकडे आता सगळा वर्ग बेरकी पोरांचा उरलाय. तोंडाने घ्यायच्या औषधांत एकच शिक्षक राहिलेत ज्यांना ही पोरं घाबरतात." आणि इथे डॉक्टरांची जीभ घसरली. "ही पिवळी कॅप्सूल. फार जुनी आहे, अगदी स्वस्त. हल्ली कोणी विचारतही नाही तिला."

झालं. जुनी, स्वस्त आणि कोणी विचारत नाही! सासूबाईंचा चेहरा असा झाला, की जणू त्यांना कोणी शिपायाच्या स्टुलावर बसायला सांगितलं होतं.

"ही मी घेणार नाही," डॉक्टर गेल्यावर त्या म्हणाल्या. "ही आमच्या शाळेतल्या झाडूवालीला देत असत. मला आठवतंय."

"ती बरी झाली होती का?" मी विचारलं.

"तो प्रश्न नाही."

मी समजावलं, रागावले, गुडघ्याची आठवण दिली. नणंदेने फोनवर रडून पाहिलं. औषधवाला तर म्हणाला, "ती कॅप्सूल मी ठेवतच नाही, मागवावी लागेल," आणि त्यामुळे तिची उरलीसुरली अब्रूही गेली. मी हात टेकले. तेव्हा माझा नवरा म्हणाला, "तू बाजूला हो. हे माझं काम आहे."

माझा नवरा फरश्यांच्या मोठ्या दुकानात विक्रेता आहे. त्यांच्याकडे एकाच भट्टीतली एकच फरशी दोन ठिकाणी ठेवलेली असते. एक दाराजवळ, जमिनीवर रचून. दुसरी आतल्या खोलीत, मखमलीवर, वरून दिवा सोडलेली. आतली घेताना गिऱ्हाइकाला बसवून सांगायचं असतं, की ही सगळ्यांना दाखवत नाही आम्ही. दाराजवळची पडून राहते आणि आतली संपते. या कसबावर आमचं घर चालतं, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही.

त्याने कॅप्सुली मागवल्या. दुकानातून नमुन्यांची एक मखमली पेटी आणली, तिच्यात पाकीट ठेवलं आणि रविवारी सकाळी आईसमोर बसला.

"आई, परवाची ती साधी कॅप्सूल विसर. मी वरपर्यंत ओळख लावली. ही बाहेरून मागवलीये, रंगावर जाऊ नकोस. ही राखीव असते. डॉक्टर लोक ही उठसूट कोणाला देत नाहीत, अगदीच बाका प्रसंग आला तरच काढतात. दुकानात मिळत नाही. आणि हिची अट आहे, वेळ चुकवायची नाही, मध्ये सोडायची नाही, प्रत्येक वेळी पेलाभर पाणी."

सासूबाईंनी पेटीच्या मखमलीवरून बोट फिरवलं. "जज्जीणबाईंकडे आहे ही?"

"छे! त्यांना नावही माहीत नसेल."

सासूबाईंनी ती कॅप्सूल अशी घेतली, की तशी आयुष्यात एकही गोळी घेतली नसेल. घड्याळ लावून, ताठ बसून, पेलाभर पाण्यासह, शेवटच्या कॅप्सूलपर्यंत. मी आणि नवरा मागे उभे राहून एकमेकांना डोळे घालत होतो. गंमत अशी, की तो जे सांगत होता त्यातलं परदेश वगळलं तर बाकी बरंचसं खरं होतं. राखीवच ठेवायला हवी होती ती. पण आमच्याकडे खरी गोष्टसुद्धा खोट्या पेटीत घातल्याशिवाय खपत नाही.

आणि लघवीची जळजळ गेली. पुन्हा तपासणी केली, लघवी स्वच्छ. हाडांच्या डॉक्टरने महिन्याभराने येणारी तारीख दिली. त्या दिवशी सासूबाई बाल्कनीत बसून कितीतरी वेळ खालच्या फाटकाकडे बघत होत्या. मी चहा नेऊन दिला तर माझा हात धरून म्हणाल्या, "परत येताना खुर्ची नको हं आणायला." मला खरंच वाटलं, सुटलो आपण.

पण मोठेपण गुपचूप भोगायची सवय त्यांना नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात जज्जीणबाई खोकत खोकत वर आल्या आणि सासूबाईंनी मखमली पेटी उघडली. त्यांनी मुलाकडून मागून आणखी पाकिटं घेऊन ठेवली होती, असावीत म्हणून. आणि त्यानेही, आई एवढी खूश आहे म्हणून, दिली होती. "ही घ्या. बाहेरून येते. कोणाला सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. जज्जीणबाईंना कोणाला सांगू नका म्हणणं म्हणजे जिन्यात नोटीस लावणं.

"अहो आई, ती खोकल्याची नाहीच मुळी," मी म्हटलं.

"चांगल्या औषधाला खोकला काय नि ताप काय. तू पाणीखात्यातलं बघ."

पुढे जे झालं ते मी नुसती बघत राहिले. इमारतीत कोणाची दाढ दुखली, घे कॅप्सूल. कोणी प्रवासाला निघालं, घे, बाहेरचं पाणी बाधायला नको. पहिल्या मजल्यावरच्या पैलवानाने व्यायामाआधी घेऊन पाहिली आणि जोर वाढल्याचं सांगितलं. औषधवाल्याने काचेवर पाटीच लावली, "मोठ्या बाईंची कॅप्सूल येथे मिळेल," आणि जी तो ठेवत नव्हता तिच्या थप्प्या रचल्या. शेवटी माझ्या तक्रारींच्या खिडकीतून एका अनोळखी बाईने डोकं आत घालून विचारलं, "नळाचं राहू द्या, तुमच्या सासूबाईंची ती कॅप्सूल मिळेल का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन मी नवऱ्याला फैलावर घेतलं. "खरं सांगून टाक त्यांना."

"ऑपरेशन होऊ दे, मग सांगतो. आत्ता सांगितलं तर चिडेल. रक्तदाब वाढेल आणि तारीख जाईल."

तारखेचं नाव काढलं की मीही गप्प बसायची. त्यात सासूबाई स्वतः, गुडघ्यासाठी शरीर शुद्ध असावं म्हणून, काही होत नसताना रोज एक कॅप्सूल चहाबरोबर घ्यायला लागल्या होत्या. कधी घ्यायच्या, कधी विसरायच्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं. पाणी मात्र पुन्हा घोटावर आलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्यांना हुडहुडी भरली. अंगावर तीन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. कमरेत कळा, आणि जळजळ अशी की त्या बाईने, जिने आयुष्यभर तो शब्द टेबलावर येऊ दिला नव्हता, माझा पदर धरून सगळं बोलून दाखवलं. म्हणाल्या, "बाई गं, सहन होत नाही." मी घाबरले. मुख्याध्यापिका सगळी गळून पडली होती आणि खाली एक म्हातारी बाई उरली होती.

खुर्चीतूनच खाली नेलं. दवाखान्यात सलाईन लावलं, नमुना घेतला. दोन दिवसांनी म्हातारे डॉक्टर अहवाल हातात घेऊन खाटेजवळ आले, तेव्हा त्यांना बसायचंही सुचलं नाही.

"पिवळ्या कॅप्सूलपुढेही फुली आलीये," ते म्हणाले. "ही सहसा इतक्या लवकर हार मानत नाही. तुम्ही केलं तरी काय?"

"ती साधी मी घेतलीच नाही," सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "मी बाहेरची घेत होते. राखीव."

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने जमिनीकडे बघितलं. दवाखान्याची फरशी त्याला एवढी आवडलेली मी कधी पाहिली नव्हती.

"आई, ती तीच होती," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलेलीच. तू घेत नव्हतीस म्हणून मी..."

मला वाटलं आता त्याचा कान धरला जाणार.

"तू मला फरशी विकलीस," त्या म्हणाल्या.

मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी सगळी ताकद एकवटली. "असू दे. आता वरचं द्या. खर्चाची काळजी करू नका. सगळ्यात वरचं जे असेल ते द्या."

"सुरू केलंय, बाई. सलाईनमधून चाललंय ते शेवटचं आहे. त्याने तुम्ही बहुधा बऱ्या व्हाल. पण त्याच्या वर काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ज्या बाईला कधीही कोणी शेवटचा शब्द ऐकवू शकलं नव्हतं, ती छताकडे बघत पडून राहिली आणि मला तिची इतकी दया आली, की मी तिथल्या तिथे नवऱ्यावरचा राग विसरले. माझाही त्यात हिस्सा होता. मागे उभी राहून डोळे मीही घातले होते.

त्या बऱ्या झाल्या. ताप उतरला, कळा थांबल्या. हाडांच्या डॉक्टरने मात्र नवी तारीख दिली नाही. असले जंतू अंगात मुरलेले असताना तो गुडघ्याला हात लावणार नव्हता. पुढे बघू, म्हणाला, आणि पुढे म्हणजे कधी ते आम्ही विचारलं नाही.

घरी आणताना पुन्हा तीच खुर्ची, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला औषधवाला. मी मागून औषधांची पिशवी घेऊन चढत होते. दुसऱ्या मजल्यावर जज्जीणबाई दारातच उभ्या होत्या. चेहरा ओढलेला, एक हात ओटीपोटावर.

"आलात? बरं झालं बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मलाही तुमच्यासारखीच जळजळ होतेय हो. तुमची ती कॅप्सूल घेते आहे, काडीचा फरक नाही. दवाखान्यात तुम्हाला काय दिलं? नाव तेवढं सांगा."

"खुर्ची खाली ठेवा," सासूबाई म्हणाल्या.

ठेवली. त्यांनी डोळे उघडले होते.

"जज्जीणबाई, ती कॅप्सूल बाहेरची नव्हती. साधी होती. सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त. तिच्याएवढी मोलाची आपल्याकडे दुसरी नव्हती आणि ती आपण खोकल्यावर उधळली. मी उधळली. तुम्ही आता कोणाचं काही घेऊ नका. आजच डॉक्टरकडे जा, लघवी तपासायला द्या, आणि भरपूर पाणी प्या."

जज्जीणबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांचं नाक हळूहळू वर गेलं.

"पाणी प्या," त्या म्हणाल्या. "सांगायचं नसेल तर नका सांगू, मोठ्या बाई. एवढी वर्षं आपण एकमेकींपासून काही लपवलं नाही. स्वतःला शेवटचं, सगळ्यात वरचं मिळालं, आणि आम्हाला पाणी?"

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. औषधवाला जिन्याच्या कठड्याकडे बघत उभा होता.

"तू ती पाटी आज काढ," सासूबाई त्याला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "आणि तू वर येऊ नकोस. इथेच थांब, दार वाजव. मला विकलीस ना? तशी तिला विक. सांग, तपासणी करून घेणं सगळ्यांच्या नशिबात नसतं. सांग, पाणी बाहेरून आलंय. काय वाटेल ते सांग, पण तिला डॉक्टरकडे ने."

"आई, खरी वस्तू विकायची मला सवय नाही गं."

"शीक."

मी पिशवी खांद्याला अडकवली आणि खुर्चीची त्याची बाजू धरली. सासूबाई दिसतात त्याहून जड आहेत. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे हात थरथरायला लागले. खालून नवऱ्याचा आवाज येत होता, दुकानातल्या आतल्या खोलीतला, मखमलीसारखा, "जज्जीणबाई, जरा दार उघडता? एक खास गोष्ट होती. सगळ्यांना सांगत नाही आम्ही."

सासूबाईंनी तो कान देऊन ऐकला. मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"दमली असशील तर ठेव गं खाली," त्या म्हणाल्या. "मला आता कुठे जायचंय?"